टर्बो पास्कलची जुनी डेटा फाईल फ्री पास्कलमध्ये वाचताना कचरा येतोय

जुनाकोड:
टर्बो पास्कल ७ (डॉसवरचा जुना पास्कल कंपायलर) मधला स्टॉकचा प्रोग्राम फ्री पास्कल या आताच्या कंपायलरमध्ये आणतोय, मोड (भाषेचे नियम ठरवणारी सेटिंग) ऑब्जएफपीसी. कंपाइल झाला, एकही एरर नाही, पण फाईल ऑफ रेकॉर्डने (ठरावीक मापाच्या नोंदी एकामागून एक असलेली फाईल म्हणून) जुनी फाईल उघडली की पहिल्याच नावाची दोन अक्षरं गायब आणि किमती काहीच्या काही. रेकॉर्डमध्ये इंटिजर कोड, स्ट्रिंग[२०] नाव, रिअल किंमत, एवढंच. फाईल ११६०० बाइटची आहे. खराब झाली असेल का?

बाइटमोजणी:
फाईल खराब नसावी, मापं बदललीत. टर्बोत इंटिजर २ बाइट, स्ट्रिंग[२०] म्हणजे लांबीचा एक धरून २१, रिअल ६, मिळून २९. तुझ्या मोडमध्ये इंटिजर ४ बाइटचा, रिअल म्हणजे डबल, ८ बाइट, शिवाय अलाइनमेंटसाठी, म्हणजे आकडे मेमरीत ठरावीक पटीच्या जागी बसावेत म्हणून, मधे रिकामे बाइट, त्यामुळे ६४ बिटवर तोच रेकॉर्ड ४० होतो. नावाचं पहिलं अक्षर कोडमध्ये गेलं आणि दुसरं लांबी म्हणून वाचलं गेलं, म्हणून ती दोन गायब.

पॅक्ड रेकॉर्ड कर म्हणजे मधे रिकामे बाइट राहणार नाहीत, इंटिजरच्या जागी २ बाइटचा स्मॉलइंट आणि रिअलच्या जागी टर्बोच्या ६ बाइटच्या रिअलसाठीचा रिअल४८ घाल. फ्री पास्कलमध्ये रिअल४८ म्हणजे नुसता ६ बाइटचा ॲरे, त्यावर थेट गणित होत नाही, रिअल२डबल फंक्शनने बदलून घ्यावं लागतं. नुसता मोड टीपी लावून भागणार नाही, त्याने इंटिजर २ बाइटचा होतो पण रिअल डबलच राहतो.

जुनाकोड:
११६०० भागिले २९ बरोबर ४००, बाकी शून्य! पॅक्ड करून वाचलं, नावं आणि किमती नीट आल्या. दुसऱ्या एका फाईलमध्ये एनम (ठरावीक नावांच्या यादीचा टाइप) आणि सेट (अशा किमतींचा संच) पण आहेत, तिथे काय?

डॉसवाला:
तिथे जास्त जपून. टर्बोत एनम १ बाइटचा, तुझ्या मोडमध्ये ४, त्याला पॅकएनम १ हा कंपायलरचा निर्देश लाव. सेट टर्बोत लागतील तेवढेच बाइट घेतो, इथे ४ नाहीतर ३२, त्यासाठी पॅकसेट हा तसाच निर्देश आहे. आणि प्रत्येक रेकॉर्डचा साइझऑफ, म्हणजे बाइटमधलं माप, छापून बघच, अंदाजावर सोडू नको.

मला विचारशील तर ती फाईल डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवणारा एम्युलेटर) मूळ प्रोग्रामनेच टेक्स्टमध्ये काढून घे, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. प्रोग्राममध्ये सीआरटी युनिट (स्क्रीन आणि कीबोर्डसाठीची टर्बोची लायब्ररी) असेल आणि सुरू होतानाच रनटाइम एरर २०० आला तर डॉसबॉक्सच्या सायकल्स, म्हणजे वेगाची सेटिंग, कमी कर, ते युनिट सुरुवातीला डिलेसाठी मशीनचा वेग मोजतं आणि वेगवान मशीनवर तिथला भागाकार ओव्हरफ्लो होतो, तुझ्या डेटाशी त्याचा काही संबंध नाही.