मदत हवी आहे: ‘स्लॅम डंक’ची ३१ खंडांची आवृत्ती घ्यावी की २४ खंडांची?

ताकेहिको इनोउए यांची ‘स्लॅम डंक’ ही बास्केटबॉलवरची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मूळ जपानी भाषेत संग्रही ठेवायची आहे. तिची नेहमीची आवृत्ती, म्हणजे तांकोबोन, ३१ खंडांची असून खिशात मावेल अशा आकाराची आहे. २००१ पासून आलेली संग्राहक आवृत्ती, म्हणजे कान्झेनबान, ए५ आकारात २४ खंडांची असून ही कथा आधी ज्या साप्ताहिकात क्रमशः आली त्यातली रंगीत पाने तिच्यात रंगीतच छापली आहेत. २०१८ ची २० खंडांची आवृत्ती मी विचारात घेतलेली नाही, कारण मला मुख्यतः या दोन जुन्या आवृत्त्यांतूनच निवड करायची आहे.

दोन्हींचा पहिला खंड जुन्या पुस्तकांतून मागवून शेजारी ठेवून पाहिला. मोठ्या पानावर सामन्यांतल्या रेषा फारच खुलतात, यात शंका नाही. मात्र खंड जाड असल्याने दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग शिवणीत जातो की काय, असे वाटले. एका खंडावरून निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते.

मला जपानी वाचता येते, त्यामुळे इंग्रजी भाषांतर किंवा डिजिटल प्रत सुचवू नये. मी मुंबईत राहतो, कपाट बंद असले तरी पावसाळ्यात दमटपणा टळत नाही, आणि सगळे खंड जुनेच घ्यावे लागतील.

ज्यांच्याकडे कान्झेनबान काही वर्षे आहे, त्यांनी कृपया सांगावे: शेवटच्या सामन्यातली जोडपानी चित्रे पुस्तक फार न ताणता पूर्ण दिसतात का, आणि दमट हवेत तिचा कागद तांकोबोनपेक्षा कमी पिवळा पडतो का?