सनरूफमधून पाणी येतंय, पुढची डावी नळी काही केल्या मोकळी होत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी सहा वर्षांची, वॉरंटी संपलेली, पुण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये गुलमोहराखाली उभी असते. झाकलेलं पार्किंग मिळणं शक्य नाही, त्यामुळे जागा बदला एवढं सोडून काहीही सुचवा.

मागच्या रविवारी आई-बाबांना घेऊन श्रीवर्धनला निघालो. मुळशीपर्यंत नुसती रिमझिम होती पण ताम्हिणीत असा काही कोसळायला लागला की वायपर फुल स्पीडला ठेवूनही समोरचं धड दिसेना. पुढे उतार लागला, एका उजव्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि पुढच्या दोन सीटच्या मधे छताला जो दिवा असतो ना त्याच्या फटीतून भसकन पाणी आलं ते थेट आईच्या मांडीवर. आधी वाटलं बाटली सांडली. नंतर लक्षात आलं की सपाट रस्ता आला की थांबतंय आणि ब्रेक दाबला की परत येतंय, म्हणजे वर कुठेतरी साठलंय. माणगावला पोचेपर्यंत आई छताला पंचा लावून बसली होती. दोघंही सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांना कोरड्या गाडीत नीट नेता येऊ नये याचं मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर सनरूफची काच पूर्ण मागे सरकवली आणि स्टुलावर चढून टॉर्चने बघितलं. चौकटीच्या कडेनं जी पन्हळ असते ती गुलमोहराच्या बारीक पानांनी आणि धुळीनं भरलेली, काळा लगदा झालेला, बोटाला चिकटत होता. जुना रंगाचा ब्रश आणि ओलं फडकं घेऊन सगळं काढलं. पन्हळीच्या चार कोपऱ्यांत पाणी खाली नेणाऱ्या नळ्यांची चार भोकं आहेत, प्रत्येकात अर्धा कप पाणी हळूहळू ओतलं. मागच्या दोन्ही नळ्यांचं पाणी मागच्या चाकांजवळ लगेच पडलं, पुढच्या उजवीचं पुढच्या चाकामागून आलं. पुढच्या डावीत मात्र पाणी तसंच उभं राहतंय. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची तार आत सारली (टोक मेणबत्तीवर गोल करून घेतलं होतं, नळी फाटू नये म्हणून), ती दोन-अडीच फूट जाते आणि अडकते. समोरच्या काचेच्या डाव्या बाजूच्या खांबावरच्या कापडावर चहा सांडल्यासारखा डाग उमटलाय आणि डाव्या सीटच्या पायाशी कार्पेट ओलं आहे.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पूर्ण सनरूफ असेंब्ली बदला, एस्टिमेट 60 हजारांच्या वर. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणतो काचेभोवती सिलिकॉन भरून कायमचं बंद करून टाकू. मला दोन्ही पटत नाहीये. एअर कंप्रेसरनं हवा मारू का? नळी कुठून बाहेर येते ते कसं शोधायचं? पाऊस थांबायची वाट बघणं शक्य नाही, पंधरा दिवसांनी आईची तपासणी आहे, परत जायचंय.

प्रतिसाद:
ताई, आधी ते सिलिकॉन डोक्यातून काढा. काचेभोवतीचं रबर बरंचसं पाणी अडवतं पण सगळं नाही, थोडं आत येणार हे धरूनच ती पन्हळ आणि नळ्या दिलेल्या असतात. सिलिकॉन भरलं तर काच उघडणार नाही, पुढेमागे मोटर आणि रूळ खराब होतील आणि वर्षभरात उन्हानं कडा सुटल्या की पाणी पुन्हा येणारच, तेव्हा खरवडून काढताना रबराचं वाटोळं होईल ते वेगळंच.

तुमची खरं तर बातमी चांगली आहे. पाणी भोकात उभं राहतंय म्हणजे नळी तुंबलीय, सुटलेली नाही. सुटलेली असती तर ओतलेलं पाणी गपकन गायब झालं असतं आणि थेट छताच्या अस्तरात गेलं असतं. म्हणूनच कंप्रेसर अजिबात नको. ती नळी वरच्या तोंडाला नुसती घट्ट बसवलेली असते, बऱ्याच गाड्यांत क्लिपसुद्धा नसते, जोराची हवा मारली की तिथनं सुटते आणि मग अख्खं छत उतरवावं लागतं.

तार अडकते ती जागा बहुतेक खांबातलं वळण असेल. खरा बोळा सहसा अगदी खाली असतो. नळीच्या शेवटाला रबराची टोपी असते, तिला चीर असते, पाणी बाहेर जावं आणि धूळ-किडे आत येऊ नयेत म्हणून, आणि नेमका तिथेच गाळ धरतो. डावा पुढचा दरवाजा पूर्ण उघडा, बिजागरीच्या फटीत टॉर्च मारा, काही गाड्यांत तिथेच दिसते. नाही दिसली तर चाक पूर्ण वळवून चाकाच्या वरचं प्लॅस्टिकचं लायनर मागच्या बाजूनं थोडं सोडवा. उजवीचं पाणी कुठून पडलं ते नीट बघा, डावीची जागा साधारण त्याच्या समोरासमोर असते. टोपी सापडली की दोन बोटांनी चेपा, बरेचदा तेवढ्यानंच भळकन सुटतं.

आणि खांबावरचं कव्हर ओढून काढू नका. पडद्यासारखी एअरबॅग असलेल्या गाडीत ती तिथूनच वर छताकडे गेलेली असते. ते काम माहितगाराकडूनच, बॅटरी सोडून.

प्रतिसाद:
एक शंका. पायाशी ओलं आहे ते नक्की सनरूफचंच ना? एसीची पाणी जायची नळी तुंबली तरी डाव्या बाजूलाच ओलं होतं, आमच्याकडे भर एप्रिलमध्ये झालं होतं आणि आम्ही उगाच काचेचं बीडिंग बदलून बसलो. पाऊस नसताना तासभर एसी लावून बघा. शिवाय बॉनेट उघडून वायपरखालच्या खोबणीत पाला साठलाय का तेही बघा, तुमच्या झाडाखाली असणारच.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. काल पाऊस नव्हता, दीड तास एसी लावला, गाडीखाली पाणी व्यवस्थित पडत होतं आणि आत लावलेला कोरडा टिश्यू कोरडाच राहिला, म्हणजे एसी नाही. वायपरखालून मात्र दोन मुठी पाला निघाला. नळीचं उद्या सकाळी बघते. आज रात्री पाऊस आहे, काय करू?

प्रतिसाद:
रात्रीपुरती गाडी नाक वर राहील अशी चढावर लावा. पाणी मागच्या नळ्यांकडे जाईल, त्या मोकळ्या आहेत तुमच्या. आणि कार्पेट वरून पुसून समाधान मानू नका, खाली जाड फोम असतो, तो आठवडाभर पाणी धरून ठेवतो. दाराची पट्टी काढून कार्पेटचा कोपरा वर उचला आणि फोम हातानं दाबून बघा.

धागाकर्ती:
अपडेट. झालं काम!

टोपी दरवाज्याच्या बिजागरीपाशीच होती, काळ्या रबराची, जेमतेम बोटाच्या पेराएवढी, आजवर हजारदा दार उघडलं पण कधी दिसली नव्हती. चेपल्यावर आधी काहीच नाही, दुसऱ्यांदा चेपली तर काळं घट्ट पाणी आणि त्यामागून पानांचा एक वीतभर दोराच निघाला, आणि मग वरचं साठलेलं स्वच्छ पाणी किती तरी वेळ येत राहिलं. बाबा वरून कपानं ओतत होते, मी खाली बघत होते. चार कप ओतले, चारही खाली आले. काल रात्री चांगला तीन तास पाऊस झाला, छताला लावलेला टिश्यू सकाळी कोरडा.

फोम मात्र दाबल्यावर स्पंजसारखा पाणी सोडत होता. कार्पेट उचलून खाली वर्तमानपत्रं कोंबलीत, टेबल फॅन लावलाय, तीनदा कागद बदलले, कुबट वास आता कमी आहे.

सनरूफच्या काचेभोवतीचं रबर ओल्या फडक्यानं पुसून त्यावर सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन लावलाय, तेल किंवा ग्रीस लावलं तर रबर फुगतं असं ऐकलं म्हणून ते टाळलं. पन्हळ आता दर महिन्याला पुसणार आणि चार कपांची टेस्ट मृगाच्या आधी एकदा आणि श्रावणात एकदा, कारण आमच्या गुलमोहराचा सडा मे-जूनमध्येच पडतो.

एकच विचारायचं राहिलं. कार्पेट उचलल्यावर डाव्या सीटखाली वायरींचा एक पिवळा कनेक्टर दिसला, त्याच्या एका पिनवर हिरवट थर आहे. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा लागलेला नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर (वायरींचे जोड साफ करायचा स्प्रे) मारू का?

प्रतिसाद:
पिवळा असेल तर हात लावू नका, स्प्रेही नको. सीटखालचा पिवळा कनेक्टर बहुतेक एअरबॅगचा किंवा सीटबेल्टचा असतो. फोटो काढून ठेवा आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या, तो बॅटरी सोडून, थोडा वेळ थांबून मगच उघडेल. आईंच्या तपासणीला जायच्या आधीच करून घ्या.

धागाकर्ती:
बरं झालं विचारलं. उद्या दुपारची वेळ घेतली आहे.