वेचणीच्या हिशोबाचं जुनं ॲप नव्या फोनवर बसून नाही राहिलं

वेचणी_हिशोब (दारव्हा, जि. यवतमाळ)
कापूस वेचणीचे किलो, मजुरी अन् उचल लिहायचं ॲप अँड्रॉइड 5.1 च्या फोनवर आहे. चार हंगामांचा हिशोब त्यातच आहे. ॲप नेटशिवाय चालते, पण प्ले स्टोअरवर आता मिळत नाही. नव्या फोनवर अँड्रॉइड 14 आहे. एपीके (ॲप बसवायची फाइल) पाठवून पाहिली, तर ‘हे ॲप तुमच्या फोनशी सुसंगत नाही’ असं येते. विंडोजचा लॅपटॉप आहे. हिशोबासकट ॲप हलवता येईल का?

जुना_हँडसेट
भाऊ, जुन्या फोनवरचं ॲप काढू नका, रीसेटही करू नका. ॲप काढलं की हिशोब गेला.

अँड्रॉइड 6 च्या आधीसाठी बनवलेली, म्हणजे टार्गेट एसडीके (ॲप कोणत्या अँड्रॉइडसाठी बनवलं ते सांगणारा आकडा) 23 पेक्षा कमी असलेली ॲप्स अँड्रॉइड 14 बसवू देत नाही. अँड्रॉइड 15 ने ही मर्यादा 24 केली. कारण असं की 6 पासून परवानगी मागणं सक्तीचं झालं अन् ते टाळायला घातक ॲप्स मुद्दाम जुना आकडा लावत. तुमचं ॲप विनाकारण त्यात सापडलं.

दोन्ही फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर 7 वेळा टिचकी मारा अन् डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करा. लॅपटॉपवर गूगलचं प्लॅटफॉर्म टूल्स घ्या, त्यातच एडीबी म्हणजे लॅपटॉपवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन असते. ‘एडीबी डिव्हायसेस’ या आज्ञेला फोन दिसला नाही, तर आधी केबल बदला. काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात. ‘अनऑथोराइज्ड’ आलं तर फोनच्या पडद्यावर परवानगी द्या.

मग एपीके लॅपटॉपवर ठेवून ‘एडीबी इन्स्टॉल’, पुढे दोन आडव्या रेघा, त्याला चिकटून ‘बायपास-लो-टार्गेट-एसडीके-ब्लॉक’ अन् फाइलचं नाव. आज्ञा इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायची. पहिल्यांदा उघडताना परवानग्यांची यादी येईल, ती मान्य करा.

तरीही ‘नो मॅचिंग एबीआय’ अशी चूक आली, तर ॲपचा गाभा 32-बिट आहे अन् फोन फक्त 64-बिट चालवतो. पिक्सेल 7 पासून असे फोन आले. तिथे बायपास कामाचा नाही.

संत्रा_बाग (वरूड)
वरच्यात हिशोब येणार नाही, एपीकेत फक्त ॲप असते. जुन्या फोनवर ‘एडीबी बॅकअप’, मग ‘-एफ’, फाइलचं नाव अन् पॅकेजचं नाव (ॲपचं फोनमधलं आतलं नाव) द्या. पडदा उघडा ठेवा, होकार फोनवरच द्यावा लागतो. पासवर्ड टाकला तर कागदावर लिहून ठेवा. नव्या फोनवर आधी ॲप बसवा, उघडू नका, मग ‘एडीबी रिस्टोअर’.

फाइलचा आकार नक्की पाहा. 1 केबीच्या आतली असेल तर ती रिकामी आहे, म्हणजे ॲप बनवणाऱ्यानं बॅकअप बंद ठेवलेला. काही ॲप्स हिशोब फोनच्या मेमरीत स्वतःच्या फोल्डरात ठेवतात. सगळी मेमरीच कॉपी करून घ्या, हे कष्ट वाया जात नाहीत.

वेचणी_हिशोब
‘डिप्रिकेटेड एसडीके व्हर्जन’ची चूक आली होती, बायपासने ॲप बसलं. बॅकअप फाइल मात्र 1 केबीच्या आत आहे. मेमरीत ॲपचं फोल्डरही नाही.

संत्रा_बाग (वरूड)
मग रूट, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घेणं, हाच रस्ता उरतो, अन् त्यासाठी अनेक फोनांवर बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) उघडताना सगळा डेटा पुसला जातो. त्या नादी लागू नका. प्रत्येक मजुराच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. नव्या फोनवर फक्त बाकी उचल अन् चालू हंगामाचे किलो टाका, मागचे हंगाम स्क्रीनशॉटातच राहू द्या.

जुना_हँडसेट
एपीकेच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घाला अन् स्क्रीनशॉटांसह पेनड्राइव्ह व लॅपटॉप अशा दोन ठिकाणी ठेवा. जुना फोन एअरप्लेन मोडवर टाकून, बॅटरी 50 टक्क्यांच्या आसपास ठेवून बंद करा. दोन-तीन महिन्यांनी चार्ज पाहत जा. उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत ठेवू नका, बॅटरी फुगते. मागचं झाकण उचललेलं दिसलं तर चार्जिंगला लावूच नका.