मदत हवी आहे: सर्दी-फ्लूच्या दिवसांत वडिलांची प्रतिकारशक्ती नैसर्गिक रीतीने कशी जपावी?

नमस्कार. आमच्या घरात ७२ वर्षांचे वडील आणि ४ वर्षांची मुलगी दोघेही असल्यामुळे हवा बदलू लागली की मला धास्ती वाटते. गेल्या मोसमात मुलीची सर्दी तीन दिवसांत आजोबांना लागली आणि त्यांचा खोकला महिनाभर हटला नाही. उशीला टेकून, छाती दाबून रात्रभर बसलेले वडील अजून डोळ्यांसमोर येतात.

फ्लूच्या लसीचा परिणाम व्हायला सुमारे २ आठवडे लागतात, म्हणून यंदा ती आम्ही सर्वांनी आधीच घेतली आहे. साबणाने २० सेकंद हात धुण्याची सवय मुलीलाही लागली आहे. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी सर्वसाधारणपणे सर्दी टळत नाही, नियमित घेतल्यास तिचे दिवस थोडेसे कमी होतात इतकेच, हे समजल्यापासून मी त्यांचा आग्रह सोडला.

अडचण आहे ती झोपेची. ७ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी अधिक सहज होते, असे अभ्यासांत दिसून आले आहे, आणि वडिलांची झोप पहाटे तीनला मोडली की पुन्हा लागत नाही. शिवाय भूक मंदावल्याने त्यांच्या पोटात पुरेशी प्रथिनेही जात नाहीत.

आपल्यापैकी कोणी घरातील ज्येष्ठांची झोप गोळ्यांविना सुधारली आहे का? थोड्या खाण्यातून प्रथिने कशी वाढवलीत? ते रक्तदाबाची औषधे घेत असल्याने काढे किंवा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाही. दिनचर्येतील बदलांविषयी अनुभव सविस्तर कळवावेत, ही विनंती.