बारा दिवसांचं बाळ, ऑक्सिमीटर 84 दाखवतोय... खरं मानायचं का?

बाळंतीण_नाशिककर
माहेरी आहे, बाळ बारा दिवसांचं, पूर्ण दिवसांचं, 2.9 किलो, सगळं नॉर्मल. काल रात्री बाळाचे तळपाय निळसर वाटले म्हणून बाबांनी कपाटातला कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर काढला, सेल बदलले आणि बाळाच्या पायाच्या अंगठ्याला लावला तर 84!! परत लावला तर 91, मग नुसत्या रेघा, मग हाताच्या बोटाला 97. पल्स 72 येतेय. माझ्या बोटाला लावला तर 98, म्हणजे मशीन तर चांगलं आहे ना? बाळ अंगावर नीट पितंय, शी शू पण नीट. आजी म्हणते काढ तो चिमटा. पण मी रात्रभर झोपले नाहीये, दर अर्ध्या तासाने लावून बघतेय आणि दर वेळी वेगळाच आकडा. प्लीज कोणीतरी सांगा

एनआयसीयूवाली_सिस्टर
अगं आधी मला हे सांग, बाळाचे ओठ आणि जीभ कसली दिसतेय? गुलाबी आहे ना? बाळ शांत असताना पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोज, 60 च्या वर जातात का बघ. छाती आत ओढली जाते का, कण्हल्यासारखा आवाज येतो का, प्यायचं सोडून सुस्त पडलंय का. ओठ-जीभ निळी असेल किंवा यातलं एक जरी असेल तर इथली उत्तरं वाचत बसू नकोस, 108 ला फोन कर नाहीतर सरळ हॉस्पिटल गाठ. नुसते तळहात तळपाय निळसर आणि गार असतील तर नव्या बाळात ते खूपदा होतं, मोजे घाल, ऊब दे, रंग येतो का बघ.

आता तुझा आकडा. पल्स 72 येतेय म्हणालीस तिथेच उत्तर आहे. एवढ्याशा बाळाची पल्स साधारण 120 ते 160, गाढ झोपेत थोडी खाली येते, पण खरंच 72 असती तर बाळ असं गटागटा प्यायलं नसतं. म्हणजे मशीनला बाळाची नाडीच सापडत नाहीये, आणि नाडी सापडली नाही तर ऑक्सिजनचा आकडा कचऱ्यात. आम्ही वॉर्डात तळपायाला पट्टीचा प्रोब गुंडाळतो, लाईट एका बाजूला आणि सेन्सर बरोब्बर समोर, मग स्क्रीनवर लाट नीट उमटेपर्यंत थांबायचं, पल्स स्टेथोने मोजलेल्या ठोक्यांशी जुळवायची आणि मगच शीटवर लिहायचं. बाळ पाय झाडत असेल तेव्हाचा आकडा कोणी धरतच नाही.

आणि हो, आंघोळीनंतर ओव्याची धुरी देत असाल तर ती आजच बंद करा, आजी रागावल्या तरी.

मॉनिटर_दुरुस्तीवाला
सिस्टर बरोबर बोलल्या. मी ही मशीनं खोलणारा माणूस म्हणून थोडं आतलं सांगतो. जपानच्या ताकुओ आओयागींनी 1974 च्या सुमारास ही युक्ती काढली, एक लाल लाईट आणि एक डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, दोन्ही बोटातून आरपार सोडायचे आणि ठोक्यागणिक किती प्रकाश शोषला जातो त्याचं गुणोत्तर काढायचं. तुमचा चिमटा मोठ्यांच्या बोटाच्या मापाचा, त्यात बाळाचा अंगठा म्हणजे दंडगोलात तांदूळ. अर्धा लाईट बोटाच्या बाजूने निसटतो आणि थेट सेन्सरवर पडतो. तुमच्या बोटाला 98 आलं म्हणून तो बाळालाही बरोबर, असं होत नाही.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. गुणोत्तराचा आकडा टक्क्यात बदलायचं कोष्टक धडधाकट मोठ्या माणसांवर बनतं, त्यांचा ऑक्सिजन मुद्दाम 70 पर्यंत उतरवून. बाळांवर असला प्रयोग कोण करणार? म्हणून चांगल्या कंपनीच्या पत्रकातही मोठ्यांना ±2 आणि नवजात बाळांना ±3 असं लिहिलेलं असतं, आणि तेही तीनातल्या साधारण दोन रीडिंगपुरतंच. म्हणजे हॉस्पिटलच्या मशीनवर 92 दिसलं तर खरं 89 पण असू शकतं आणि 95 पण. सावळ्या कातडीवर आकडा जरा जास्त दाखवतो हेही आहे, 2020 मध्ये अमेरिकेत मोठ्या पेशंटवर त्याचा अभ्यास आला तेव्हा बोंबाबोंब झाली.

अठ्ठाविसाव्या_आठवड्याचा_बाबा
आमचं पोरगं दोन महिने पेटीत होतं, ऑक्सिजन चालू असताना 90 ते 95 मध्येच ठेवायचे. मी विचारलं 100 का नाही करत, तर डॉक्टर म्हणाले एवढ्या लवकर आलेल्या बाळाला जास्त ऑक्सिजन डोळ्याच्या पडद्याला बाधतो, आणि कमी पडला तर जिवाला. म्हणून अलार्म दोन्ही टोकांना. काविळीच्या निळ्या लाईटखाली प्रोबवर कापड झाकायचे, नाहीतर वेडंवाकडं दाखवायचा. मी खुर्चीत बसून बाळाकडे नाही, मॉनिटरकडे बघायचो, शेवटी एका सिस्टरने मॉनिटरचं तोंड भिंतीकडे फिरवलं, आवाज तेवढा चालू ठेवला. ताई, मला तुमची रात्र कळते.

एडिसनची_मावशी
आमच्या न्यू जर्सीत 2011 पासून प्रत्येक बाळाचं हृदयासाठी हे चेकिंग करायचा कायदाच आहे, 24 तासांनंतर उजवा हात आणि एक पाय. तुझ्या बाळाचं केलेलं का बघ. आणि ते बाळाच्या पायात घालून ऑक्सिजन मोजणारं पायमोजावालं मशीन मागवायचं डोक्यात आलं असेल तर थांब, 2021 मध्ये इथल्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, त्या कंपनीला नोटीस दिली होती, पुढे 2023 मध्ये नव्या मोज्याला परवानगी मिळाली, पण बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोका टाळायला इथले बालरोगतज्ज्ञ ते वापरा म्हणत नाहीत.

बाळंतीण_नाशिककर
ओठ जीभ गुलाबी, श्वास 44 मोजले, दोनदा. मोजे घातल्यावर पाय पण गुलाबी झाले. फाईलमध्ये खरंच लिहिलंय, उजवा हात 98 पाय 99, मी वाचलंच नव्हतं. हे चांगलं ना?

एनआयसीयूवाली_सिस्टर
दोन्ही 95 च्या वर आणि फरक 3 पेक्षा जास्त नाही, पास. पण ती चाचणी सगळेच आजार पकडत नाही, म्हणून आज डॉक्टरांना एकदा दाखवून ये, त्यांच्याकडे बाळाचा प्रोब आहे का फोनवर विचारूनच जा.

बाळंतीण_नाशिककर
दाखवून आलो. छोटा प्रोब लावून 97, पल्स 138, बाळ ठीक आहे. घरी आले तर आजीने ऑक्सिमीटरचे सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातलेत 😅