जेवणाआधी प्रार्थना होते तेव्हा मी डोळे उघडे ठेवतो... सासरच्यांना नक्की काय वाटत असेल?

इंदोऱ्याचा_पोट्टा

जय भीम, सलाम, नमस्कार, ज्याला जे चालते ते घ्या. प्रश्न थोडा लांबला आहे, सांभाळून घ्या.

मी नास्तिक. घरचे बौद्ध, आजोबा ५६ ला दीक्षाभूमीवर होते, त्यामुळे देव हा प्रकार घरात तसाही नव्हता, पण मी त्याच्याही पुढचा, कर्म, पुनर्जन्म काहीच मानत नाही. बायको ख्रिश्चन, नागपुरातल्याच सदर भागातली, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया मंडळीतली. लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली केलं, त्याची तीस दिवसांची नोटीस लागल्यावर दोन्हीकडच्या नातेवाईकांनी जो धुरळा उडवला तो वेगळा विषय आहे, त्याच्यावर कधीतरी वेगळा धागा काढतो. आता सगळं शांत आहे. सासरे मस्त माणूस, रेल्वेतून रिटायर, डॉक्टरनं तेल बंद केलंय तरी माझ्यासोबत सावजी खायला येतात अन घरी सांगत नाहीत.

लोचा रविवारी होतो. उपासना सुटली की सगळे घरी जेवायला. ताटात मटण, भात वाढून झालेला, अन सासरे प्रार्थना सुरू करतात. ती छोटी नसते बरं का. आधी अन्नासाठी आभार, मग ज्या हातांनी बनवलं त्यांच्यासाठी, मग शेजारच्या काकूंचा गुडघा, मग देशाचे पुढारी, तोवर भातावरची वाफ गायब झालेली असते. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे, मी आपला रश्शावर जमत चाललेल्या तवंगाकडे बघत बसतो. माझी तीन वर्षांची पोरगी एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघते अन हसते.

गेल्या रविवारी त्या यादीत माझा नंबर लागला. "प्रभू, आमच्या जावयाचं मन उघड." सगळे आमेन म्हणाले, बायको पण म्हणाली! मी काही बोललो नाही पण घास उतरला नाही राव. म्हणजे माझं मन बंद आहे असं यांना चार वर्षं वाटून राहिलं होतं का? एकानं सांगितलं की त्यांच्या शास्त्रात लिहूनच ठेवलंय, देव नाही असं मूर्ख माणूस म्हणतो. मग मी यांच्या लेखी कोण, मूर्ख की नरकाचा पाहुणा? अन मी जर घरच्या शांतीसाठी आमेन म्हटलं तर तो खोटेपणा नाही का?

तर्री_जास्त

मटण गरम असताना खायला भेटत नाही हा खरा प्रॉब्लेम दिसून राहिला भाऊ. तुझे डोळे उघडेच असतात ना, मग एक पीस उचलायचा, कोण बघते.

नाईट_ड्युटी

दादा मी ख्रिश्चन, छावणीची, नर्स आहे, ड्युटीच्या मधल्या वेळात टाइप करून राहिली तर चुका असतील.

पहिले त्या मूर्खाचं बघू. चौदावं स्तोत्र आहे ते. पण लोक पहिली ओळ घेऊन पळतात, पुढं त्यातच गरीब लोकांना भाकरीसारखं खाणाऱ्यांबद्दल आहे. म्हणजे वरून कोणी बघत नाही तर मग काय पण करा असं ज्याला वाटतं, तो माणूस. रश्शाकडे बघत बसणारा जावई नाही. तरी आमचेच लोक ती ओळ काठीसारखी वापरतात हे मान्य, मी पण कॉलेजात असताना एका मैत्रिणीला ऐकवली होती, तिनं तीन महिने फोन उचलला नव्हता.

नरकाबद्दल आमच्यात एक मत नाही. माझ्या मम्मीचं पक्कं आहे, येशूला स्वीकारल्याशिवाय तारण नाही, विषय संपला. पप्पा म्हणतात न्याय करणं देवाचं काम, आपण कशाला त्याच्या खुर्चीवर बसायचं. दोघं एकाच बाकावर बसून उपासना करतात चाळीस वर्षांपासून. तुझे सासरे कुठल्या बाजूचे ते त्यांनाच विचार ना, इथं आम्ही काय सांगणार.

अन प्रार्थनेत नाव घेतलं म्हणजे तुला खाली पाडलं असं नसते रे. आमच्याकडे ज्याची काळजी वाटते त्याचंच नाव येते, काकूंच्या गुडघ्याच्या रांगेत बसलास म्हणजे घरातला झालास.

आता माझी पण तक्रार ऐका. नास्तिक लोक म्हणतात आम्ही सगळ्या धर्मांना सारखेच प्रश्न विचारतो. पण आमच्याशी बोलताना तिसऱ्या वाक्याला "तुमच्या पणजोबाला किती गहू भेटले होते" हे येतेच, म्हणजे धान्यासाठी धर्म बदलला असा टोमणा. देव आहे की नाही यावर बोला ना, मी बसते बोलायला. गव्हावर काय बोलू? दादा तुझे आजोबा ५६ ला गेले तेव्हा त्यांना पण लोक काहीबाही बोललेच असतील, तुला समजायला पाहिजे हे.

महालचा_विवेकी

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो. आधी एक गैरसमज. श्याम मानवांची अखिल भारतीय समिती नागपुरात १९८२ पासून आहे, दाभोलकरांची महाराष्ट्र समिती नंतर १९८९ ची, दोघांची जाहीर भूमिका हीच की देवाधर्माला विरोध नाही, फसवणुकीला अन शोषणाला विरोध आहे. त्यामुळे समितीतला प्रत्येक माणूस नास्तिक नसतो, मी स्वतः आहे.

नर्सताई, गव्हाचा टोमणा हलकटपणा आहे, माफी. पण मुद्द्यावर येतो. बर्ट्रांड रसेलनं १९५२ मध्ये किटलीचं उदाहरण दिलं होतं, की पृथ्वी अन मंगळाच्या मध्ये एक चिनी मातीची चहाची किटली सूर्याभोवती फिरते, इतकी बारीक की दुर्बिणीतून दिसत नाही, आता ती नाही हे तुम्ही सिद्ध करा. जो म्हणतो आहे, त्यानं दाखवावं. आम्ही तुम्हाला मूर्ख समजत नाही, आम्ही फक्त किटली दाखवा म्हणतो. अन प्रार्थनेचा गुण येतो का हे मोजून झालंय. अमेरिकेत २००६ मध्ये एक अभ्यास छापून आला, बायपास झालेले १८०० च्या वर पेशंट, काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. फरक शून्य. उलट ज्यांना पक्कं माहीत होतं की आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे त्यांना थोडे जास्तच त्रास झाले.

अन ख्रिश्चन लोक सहनशील वगैरे ठीक आहे, पण २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याला क्रुसावरच्या मूर्तीच्या पायातून पाणी गळायला लागलं, लोक ते तीर्थ म्हणून प्यायला लागले, सनल एदामरुकूंनी जाऊन दाखवलं की मागच्या ड्रेनेजचं पाणी भिंतीतून वर चढून राहिलं आहे. त्यांच्यावर काही ख्रिस्ती संघटनांनी धार्मिक भावना दुखावल्याच्या कलम २९५अ खाली तक्रारी केल्या, माणसाला देश सोडून फिनलंडला जावं लागलं. गटाराचं पाणी आहे सांगितलं म्हणून!

आता पोट्ट्या तुला एक विचारतो. घरी आई बुद्ध वंदना घेते तेव्हा तू काय करतो?

इंदोऱ्याचा_पोट्टा

...हात जोडून उभा राहतो. आईला वाईट वाटते म्हणून. पण ती प्रार्थना नाही ना, तिथं कोणाकडे काही मागत नाही.

तर्री_जास्त

सापडला बे सापडला 😂

नाईट_ड्युटी

विवेकी दादा, विलेपार्ल्याचं जे झालं ते चूक झालं, त्याची बाजू मी नाही घेणार. पिणाऱ्यांना त्यांनी गटारापासून वाचवलं, आभार मानायचे सोडून केस.

पण किटलीचं नाही पटत. किटलीसाठी कोणी दारू सोडली नाही. माझ्या मामानं सोडली, चर्चला जायला लागल्यावर. आता तुम्ही म्हणाल ते लोकांच्या सोबतीनं सुटली, देवानं नाही, असेल, मी मोजून नाही दाखवू शकत, पण आम्ही काय मानतो ते अंतराळात फिरणाऱ्या वस्तूसारखं नाही एवढंच सांगून राहिली.

अन तो १८०० पेशंटचा अभ्यास खरा असेल, मला त्याचं काहीच वाटत नाही. देव म्हणजे रेशनचं दुकान आहे का, कार्ड दाखवलं की माल. मागच्या महिन्यात आमच्या वॉर्डात एक पोरगं गेलं, सहा वर्षांचं, त्याच्या आईसोबत मी पण रात्रभर मागितलं होतं. नाही मिळालं. सकाळी साडेसातला मी सलाईनचा स्टँड पुसत होती अन मनात देवाला शिव्या देत होती, अक्षरशः. पवित्र शास्त्रात ईयोब तेच करतो पानंच्या पानं. तुम्हाला वाटते आम्हाला प्रश्न पडत नाहीत, फक्त डोळे मिटून आमेन. तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

सेमिनरी_अर्धवट

मी फादर व्हायला निघालो होतो, मधेच सोडलं. आता काय मानतो ते विचारू नका, रोज बदलतं. पण दोन्ही भाषा कळतात म्हणून लिहितो.

पहिली गंमत अशी की नास्तिक ही शिवी आधी ख्रिश्चनांनाच पडली होती. रोममध्ये यांची ना मूर्ती, ना देवांना बळी, म्हणून लोक म्हणायचे हे नास्तिक आहेत. स्मुर्नाचे म्हातारे बिशप पॉलिकार्प, त्यांना भर मैदानात अधिकाऱ्यानं सांगितलं, "नास्तिकांचा नाश असो" एवढं म्हण, सोडून देतो. त्यांनी समोरच्या गर्दीकडे हात करून तेच वाक्य म्हटलं. मग जाळलं त्यांना. हे वाचून मी सेमिनरीत खूप हसलो होतो अन मग हसू थांबलं होतं.

पण म्हणून ते मीम आहे ना, "तुम्ही बाकी सगळे देव नाकारता, मी फक्त एक जास्त नाकारतो", ते ख्रिश्चन माणसाला लागत नाही. त्याच्यासाठी देव म्हणजे हजारातला शेवटचा उरलेला एक नाही, मुळात काही असण्याचं कारणच तो आहे. तुम्ही ज्या देवाला नाकारता तो ढगावरचा दाढीवाला तर तेही नाकारतात. अन दुसऱ्या बाजूनं, चर्चमध्ये मी शंभरदा ऐकलं की नास्तिक हा देवावर रागावलेला असतो, किंवा त्याला पाप करायला मोकळीक पाहिजे असते. विवेकी भाऊ, तुम्ही रागावले आहात का कोणावर? नाही ना. समोरच्याचं साधं "मला पटत नाही" हे कोणी साधेपणानं घेतच नाही.

कॅथलिकांचं विचाराल तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये लिहून ठेवलंय की नास्तिकता वाढण्यात आस्तिकांचाही हात आहे, वाईट शिकवण अन वाईट वागणं याच्यामुळे देवाचं तोंडच झाकलं जातं. पोप फ्रान्सिस २०१३ मध्ये नास्तिकांनी भलं करण्याबद्दल बोलले, भलं करा, तिथं भेटू, अशा अर्थाचं, तेव्हा किती आस्तिकांच्या पोटात दुखलं होतं! तुमचे सासरे कॅथलिक नाहीत त्यामुळे त्यांना हे बंधनकारक नाही म्हणा. सीएनआय म्हणजे सहा वेगवेगळी चर्चेस मिळून झालेलं, अन ते झालंही आपल्या नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७०. त्यात सगळ्या छटांचे लोक आहेत.

अजून एक. २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टात तिघांची केस होती, त्यांचं म्हणणं आम्ही येशूला मानतो पण आमचा धर्म कोणताच नाही, ख्रिश्चन पण नाही, गॅझेटमध्ये तसं छापा. सरकारी प्रेस नाही म्हणाली. कोर्ट म्हणालं, कोणालाही धर्म सांगायची सक्ती करता येत नाही, धर्म नाही म्हणायचा हक्क कलम २५ मध्येच आहे. म्हणजे तुझा हक्क पोट्ट्या, येशूवाल्यांच्या केसमुळे अजून पक्का झाला. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक लिहिणारे अख्ख्या देशात ३३ हजारांच्या आसपास होते, सगळ्यात जास्त महाराष्ट्रात.

बाकी आमेन, डोळे, हे सगळं वरवरचं आहे. खरा प्रश्न ती एक डोळा उघडा ठेवणारी पोरगी आहे, तू लिहिलं नाहीस पण दिसतंय. बाप्तिस्मा?

हिस्लॉपची_जुनी_बॅच

मधेच बोलतो, माफ करा. ख्रिश्चन म्हटलं की विज्ञानविरोधी असं एक जण मागच्या धाग्यात बोलला होता. ज्यांच्या नावानं आपलं कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे मिशनरी, पण नागपूरच्या आसपासचे खडक अन जीवाश्म गोळा करत फिरायचे. १८६३ मध्ये टाकळघाटची ती दगडांची वर्तुळं बघून परत येताना पुरात वाहून गेले. बिग बँगची कल्पना मांडणारे लमेत्र हे पण कॅथलिक फादर. आता आमच्या गल्लीत सहा दिवसांत जग झालं असं शिकवणारे पास्टर पण आहेत, ते पण खरंच.

महालचा_विवेकी

मान्य. अन अर्धवट भाऊ, रागावलो आहे मी, २० ऑगस्ट २०१३ पासून, दाभोलकरांचा खून झाला त्या दिवसापासून. पण देवावर नाही.

ताई, त्या पोराचं वाचून काही सुचलं नाही. साडेसातची ती वेळ मला पण माहीत आहे, माझा बाप तसाच गेला. मी शिव्या द्यायला कोणी शोधत होतो अन कोणीच नव्हतं.

इंदोऱ्याचा_पोट्टा

आज रविवार, आत्ताच आलो तिकडून. जेवणाआधी सासऱ्यांना गॅलरीत घेऊन गेलो अन सरळ विचारलं, मन उघड म्हणजे काय म्हणायचं होतं बाबा? ते आधी चमकले. मग म्हणाले, "तू तुझ्या भावाशी वर्षभर बोलला नाहीस त्या प्लॉटवरून, त्याच्यासाठी म्हटलं." मी म्हटलं फक्त तेवढंच? तर म्हणाले, "नाही, दोन्ही. एका प्रार्थनेत दोन कामं होतात." मग मी पण सांगितलं की मला राग आला होता, अन मला वाटते तिथं ऐकणारं कोणी नाही. ते म्हणाले, "मी तर ऐकत असतो ना तू काय बोलतो ते." नरकाचं विचारलं तर म्हणाले त्याच्यामुळे त्यांना कधीकधी झोप येत नाही. हे मला माहीत नव्हतं. मी इतके दिवस समजत होतो की ते मला तिथं पाठवून मोकळे झाले.

वंदनेचं विवेकी भाऊ बरोबर बोलले, त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आज हात जोडले, डोळे उघडेच ठेवले, आमेन नाही म्हटलं. प्रार्थना तीन मिनिटांत आटोपली, काकूंचा गुडघा आज सुटला यादीतून. बाप्तिस्म्याचा विषय त्यांनी काढला नाही, मी पण नाही काढला, बायको दोघांकडे बघत होती.

भावाला फोन अजून केला नाही.

तर्री_जास्त

मटण?

इंदोऱ्याचा_पोट्टा

कोमट.