ई-क्लासची पाच एकर जमीन प्राणी निवाऱ्याला द्यावी का? माझं मत: देऊ नये

वावरातला (घाटंजी तालुका)

आमच्या ग्रामसभेत येत्या महिन्यात एक विषय येतोय, म्हणून हा धागा काढतोय. नागपूरच्या एका प्राणी कल्याण संस्थेने गावाच्या ई-क्लासमधली, म्हणजे चराईच्या सरकारी पडीत जमिनीतली (गायरानातली), पाच एकर जमीन मागितली आहे. बेवारस गायी-बैल, अपघातातली जनावरं आणि जखमी कुत्री यांच्यासाठी त्यांना तिथे कुंपण घालून निवारा बांधायचा आहे.

संस्थेची माणसं चांगली आहेत, हे आधीच सांगतो. शेजारच्या वावरातल्या बैलाच्या शिंगाच्या मुळाशी जखम होऊन किडे पडले होते. यांचा एक पोरगा आला. त्याने टर्पेंटाइनचा बोळा जखमेत दाबून धरला. किडे गुदमरून वर यायला लागले तसे तो चिमट्याने एकेक वेचत बसला. बैल शांत होईपर्यंत उठला नाही. घाई नाही, आरडाओरडा नाही. अशा माणसांना विरोध करायला जीव होत नाही, तरी करतोय.

कारण चारा. आमच्याकडे पूर्वी ज्वारी होती तेव्हा कडबा होता. आता सगळीकडे सोयाबीन, कपाशी आणि तूर. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) ढोरं खातात, पण कडब्याची सर त्याला नाही, आणि एका पावसात भिजलं की तेही काळं पडतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, तर उपटून जाळतात. मग गायक्याने (गुराख्याने) ढोरं न्यायची कुठे? ई-क्लासवर. ज्यांच्याकडे एक गाय, दोन बकऱ्या आणि शून्य एकर आहे, त्यांचं तर सगळं पोट त्याच पडीत जमिनीवर. ती पाच एकर कुंपणात गेली की आणखी चार घरांना गाय ठेवणं परवडणार नाही. ती गाय सुटेल आणि त्याच निवाऱ्याच्या फाटकाशी येऊन उभी राहील.

2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांनंतर पंतप्रधान पॅकेज आलं, तेव्हा विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अनुदानावर दुधाळ गायी वाटल्या. माणसाला पुरेसं पिकत नव्हतं तिथे त्या गायींना हिरवा चारा आणि ढेप (पेंड) कुठून आणायची? लोकांनी विकून टाकल्या. जनावर देणं, जनावर उचलून नेणं ही सगळी नंतरची कामं आहेत. आधी दावणीत काय टाकणार, ते बोला.

शिवाय 12 जुलै 2011 चा शासन निर्णय आहे. गायरान खासगी व्यक्तीला किंवा संस्थेला देऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच वर्षीच्या निकालानंतर तो निघाला होता. ठराव झाला तरी टिकेल का, हा प्रश्न उरतोच.

दावणीला

दादा, मी त्याच संस्थेसोबत काम करते, पांढरकवड्याकडे. तुमचं चाऱ्याचं गणित मान्य आहे. पण तुम्ही उद्या सुटणाऱ्या गायीचं बोलताय आणि मी आज रात्री हायवेवर बसलेल्या गायीचं.

पावसाळ्यात 44 नंबरच्या महामार्गावर येऊन बघा. वावरात चिखल, गवतात माश्या, म्हणून ढोरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात. रात्री ट्रकवाल्याला दिसत नाहीत. आम्ही गळ्यात चमकणारे पट्टे बांधतो, तरी कंबर मोडलेलं, पाय तुटलेलं जनावर येतच राहतं. मोडलेल्या पायाला प्लास्टर घातलं तर हाड जुळायला आठवडे लागतात. तेवढे दिवस त्याला रोज कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर एका अंगावर पडून पडून चट्टे पडतात. हे कोणाच्या घरी करायचं? आणि तालुक्याच्या दवाखान्यात जनावर भरती करून ठेवायची सोय नसते.

दुसरं, 2022 ची लम्पी आठवा, ढोरांच्या कातडीच्या रोगाची साथ. अकोला, बुलडाणा, अमरावती, सगळीकडे गाठी आलेली जनावरं. सरकारने शेळ्यांच्या देवीची लस फुकट टोचली, ते चांगलंच झालं. पण आजारी जनावर वेगळं बांधा, असं सांगितल्यावर लोकांनी ते बांधलं कुठे? त्याच गोठ्यात, हातभर अंतरावर. माश्या-डास हातभर अंतर मोजत नाहीत. त्या वेळी प्रत्येक तालुक्यात एक बंदिस्त जागा असती तर किती कालवडी वाचल्या असत्या! मेलेल्या दुधाळ जनावराचे 30 हजार, बैलाचे 25 हजार, वासराचे 16 हजार सरकारने दिले, पण ते मेल्यावर.

वावरातला

ताई, वेगळं बांधायची जागा हवी, हे शंभर टक्के खरं. पण ती गावात आहे. कोंडवाडा. पंचायतीचाच, भिंती पडलेल्या, आत बाभळी वाढलेल्या. तो दुरुस्त करायला पाच एकर गायरान लागत नाही.

बाजारकरी

मी आठवडी बाजारात बैलांची खरेदी-विक्री करतो. बाप-आजोबांचा धंदा. मला वाटतं, तुम्ही दोघंही मूळ गोष्ट बाजूला ठेवून चाललात.

राज्याच्या 1976 च्या कायद्यात गायीची कत्तल बंद होती. कामातून गेलेल्या बैलाला पशुवैद्यकाचा दाखला मिळाला तर तो विकता येत होता. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. आता हिशेब करा. म्हातारा बैल दिवसाला सात-आठ किलो कोरडा चारा खातो, काम शून्य. आधी तो विकून शेतकरी त्यात भर घालायचा आणि नवीन गोऱ्हा घ्यायचा. आता जुन्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून नव्याला पैसे नाहीत. म्हणून तो ट्रॅक्टर भाड्याने सांगतो. बैलाशिवाय शेती आली ती काही हौसेने नाही आली.

निवारा झाला की आणखी एक होईल. बाजारातून परत नेतानाही गाडी अडवतात, ढोरं जप्त होतात आणि अशाच एखाद्या निवाऱ्यात जातात. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे खटला चालू असेपर्यंत जनावर तिथेच राहतं आणि खाण्या-पिण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने पेरणीसाठी घेतलेली जोडी अशी गेली. पावती खिशात होती. तो निर्दोष सुटेस्तोवर पेरणी होऊन पीक घरात यायची वेळ झाली. जप्तीचं ढोर ठेवणार की नाही, हे संस्थेने ग्रामसभेत सांगावं.

दावणीला

ठेवणार. पोलिसांनी आणलं तर नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. काका, तुमच्या ओळखीच्या शेतकऱ्यावर अन्याय झाला. पावती असलेल्या माणसाची जोडी अडवणं चूकच. पण आमच्याकडे उतरवलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. उभं राहायला जागा नाही म्हणून चारही पाय बांधून एकावर एक टाकलेली जनावरं, उठवायला शेपटी पिरगाळून मणके मोडलेले, डोळ्यांत तिखट घातलेलं. 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्याला धंदा कोणाचा हे विचारायचं कारण नाही. असा बैल कत्तलीला चालला होता की पेरणीला, त्याने त्याचं दुखणं कमी होत नाही.

बाजारकरी

तिखट घालणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. माझा सवाल पावतीवाल्याचा होता. त्याचं उत्तर मिळालं नाही.

बकरीवाली (आर्णी)

दादा, ताई, तुमी ढोराचं बोलून राह्यले. मले बकरीचं सांगाचं हाय.

बचत गटाचं कर्ज काढून बकऱ्या घेतल्या. मागच्या पावसाळ्यात भरदुपारी कुत्र्यायनं माह्या गाभण बकरीचा गळा धरला. धावत गेली त पोट फाडलं होतं, पिल्लं बाहेर. वनरक्षकाले फोन केला. थे म्हणे वाघ-बिबट असन त पंचनामा होते, गावच्या कुत्र्याचा होत नाई. पंचायतीत गेली त म्हणे आमच्याकडे असं कोणतंच खातं नाई. मंग जावं कोठी? बकरी गेली अन् हप्ता तसाच राह्यला.

आता या निवाऱ्यात कुत्रे आणाल. शहरातले लोक आपले कुत्रे रातीच्या पारी आणून सोडतीन तुमच्या फाटकापाशी. थे काय फाटकातच बसतीन? तुमची दया कुत्र्यावर, मान्य. माही बकरी प्राणी नाई काय?

पशुधन सेवक

ताईंचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम केलेलं आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

कुत्री उचलून कुंपणात कोंडणं हा उपाय नाही, आणि तसा नियमही नाही. 2023 च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि जिथून आणलं तिथेच सोडायचं. ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे, म्हणजे ग्रामपंचायतीचीही. कुत्री साधारण 63 दिवसांत विते. दोन-चार कुत्री पकडून नेली की मोकळ्या जागेत आणि उरलेल्या उष्ट्यावर दुसरी येतात. गावातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस दिली तर रेबीजची साखळी तुटते. त्यासाठी जमीन लागत नाही. गाडी, पकडणारी शिकलेली माणसं आणि टाके सुकेपर्यंत ठेवायला पिंजरे लागतात.

पण बकरीवर टोळी का येते? गावाबाहेरची ढोरफेकीची जागा बघा. पूर्वी मेलेलं ढोर गिधाडं तासाभरात साफ करायची. ढोरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडं मेली. 2006 मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद केलं, तोवर आपल्याकडचं आभाळ रिकामं झालं होतं. आता ते मांस कुत्री खातात, टोळीने खातात आणि जिवंत बकरीही टोळीने धरतात. मेलेलं जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं तर अर्ध काम तिथेच होईल. संस्थेने याबद्दल अजून एक शब्द काढलेला नाही.

आणखी एक, ही गोष्ट प्रत्येक गावात सांगा. बैल लाळ गाळतो, हंबरतो, गिळू शकत नाही. घरचे समजतात घशात काही अडकलं आणि कोपरापर्यंत हात घालतात. तो रेबीज असू शकतो. हात घालू नका. घातलाच असेल तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. सगळे डोस पूर्ण करा, मध्येच सोडू नका.

बकरीवाली (आर्णी)

चुना अन् खड्डा होईन. पण नसबंदी केलेला कुत्रा बकरी धरत नाई, असं कोणी लिहून देईन काय?

पशुधन सेवक

नाही ताई, लिहून देता येणार नाही. वर्षा-दोन वर्षांत संख्या कमी होईल, पिल्लांमागे चवताळणारी कुत्री कमी होतील. चटक लागलेलं कुत्रं तसंच राहू शकतं. तुमच्या मेलेल्या बकरीची भरपाई द्यायला आज कोणतंच खातं बांधील नाही, हा अन्यायच आहे. ग्रामपंचायतीने स्वनिधीतून काही तरतूद करावी, असा वेगळा ठराव तुम्ही मांडा. मी पाठिंबा देईन.

वर्धेकर

आमच्या जिल्ह्यात हा वाद नवा नाही. 1941 मध्ये वर्ध्याला गोसेवा संघ निघाला. जमनालाल बजाजांनी सगळा व्याप बाजूला ठेवून शेवटचे महिने त्याच कामाला दिले, फेब्रुवारी 1942 मध्ये गेले. गांधीजींचं म्हणणं असं की, पांजरपोळ म्हणजे नुसती म्हातारी जनावरं कोंडायची जागा नव्हे. तिथे उत्तम वळू हवा, चाऱ्याचे प्रयोग हवेत, दूध हवं आणि मेलेल्या ढोराच्या कातड्या-हाडांचाही उपयोग व्हावा, म्हणजे जिवंत जनावराचा खर्च त्यातून निघेल. नालवाडीचं चर्मालय त्याच विचारातून चाललं.

म्हणून मी निवाऱ्याच्या बाजूने आहे, पण अटीसह. आमच्याकडे आर्वी-कारंजा भागातली गवळाऊ जातीची गाय आहे. पांढरी, चपळ, दूध बरं आणि बैल वावरात पळणारा. निवाऱ्यात तिचा वळू ठेवा, परिसरातल्या गायी फुकट भरवून द्या. नेपियर गवत लावा आणि त्याची बेणं शेतकऱ्यांना वाटा. सरकारने 30 सप्टेंबर 2024 ला देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हटलं आणि गोशाळेतल्या देशी गायीमागे दिवसाला 50 रुपये देऊ केले. तेवढ्यात ढेप-कुटार भागत नाही, आणि बैलाला, कुत्र्याला तर त्यातलं काहीच नाही. देणगी आटली की पहिल्यांदा चारा आटतो. निवारा स्वतःच्या पायावर उभा नसेल तर पाच वर्षांनी पाच एकरांत हाडं दिसतील. मी अशा जागा पाहिल्या आहेत.

दावणीला

वर्धेकर काका, वळू आणि नेपियर दोन्ही आमच्या योजनेत घालायला मी आजच सांगते. पण त्यालाही जमीन लागतेच ना? तुमच्या अटी मान्य केल्या तर जमीन जास्तच लागेल.

वावरातला

लागेल. म्हणून ती संस्थेने विकत किंवा भाड्याने घ्यावी. ज्यांना वावर करायला माणूस मिळत नाही, असे वावरवाले आमच्याच गावात आहेत. भूमिहीनाची चराई घेऊन भूमिहीनाच्या सोडलेल्या गायीला सांभाळायचं, हे मला पटत नाही. कितीही प्रेमाने केलं तरी नाही.

मी ग्रामसभेत मांडणार तो ठराव असा. कोंडवाडा पंचायतीने दुरुस्त करावा. आजारी आणि अपघाती जनावरांसाठी संस्थेने तो चालवावा. जमीन पंचायतीच्या नावावरच राहील. दर महिन्याला गावात उपचार शिबिर व्हावं, खांदेसूज, जखमा, जंत, सगळं. एक कडबा कुट्टी यंत्र सार्वजनिक ठेवावं, म्हणजे कुटार-कडबा वाया जाणार नाही. ढोरफेकीसाठी खड्डा खोदावा. गरज पडली तर पशुवैद्यकीय मदतीचा 1962 हा फोन आहेच, तो नंबर चावडीवर रंगवावा. आणि बाजारकरी म्हणतात ते कलमही घालू: पावती असलेल्या शेतकऱ्याचं ढोर पोलिसांनी आणून सोडलं तर संस्थेने त्याच दिवशी सरपंचाला कळवावं.

दावणीला

कोंडवाड्यात दहा-बारा जनावरं मावतील. हायवेवर त्याहून कितीतरी जास्त आहेत. ठरावाच्या बाकी सगळ्या कलमांना माझा पाठिंबा, जमिनीच्या कलमाला विरोध. ग्रामसभेला मी येणार आहे आणि तिथेही हेच बोलणार आहे. सरपंचाला कळवायचं कलम मी संस्थेकडून लेखी आणते.

बाजारकरी

लेखी आलं तर मीही येतो. कुट्टी यंत्राला माझ्याकडून हातभार लागेल.

बकरीवाली (आर्णी)

ठरावात कुत्र्याच्या लशीची तारीख टाका. "लवकरच" असं लिहू नका. तारीख टाका.